चाळिसावं घर

सोमवारी सकाळी टाचणीने चौऱ्याहत्तर नंबरचा खण ओढला. खणातली एक चिठ्ठी जागेवर नव्हती. जागा ती केवढी, एका कागदाच्या जाडीची; दुसऱ्या कुणाला त्याचं काही वाटलंही नसतं. पण त्या चिठ्ठीवर टाचणीचं बावीस वर्षं लक्ष होतं. तिच्या जागी आता एक गुलाबी कागद खोचलेला होता: ‘तपासासाठी नेली.’ खाली तपासनीस बाईंची सही, आणि तारीख बारा दिवसांपूर्वीची.

म्हणजे बारा दिवस ती त्या खणासमोरून ये-जा करत होती, डबा खात होती, तपासनीस बाईंच्या विनोदांना हसतही होती. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, पण हिचं दूध तर केव्हाच उचलून नेलं होतं आणि ही अजून जिभल्या चाटत होती.

टाचणी हे तिचं खरं नाव अर्थातच नव्हे. अंगाने काडी, बोलायला टोकदार, आणि सुटा कागद दिसला की तो कशाला तरी टोचून ठेवल्याशिवाय चैन पडायची नाही, म्हणून कचेरीने हे नाव ठेवलं होतं. मोठ्या साहेबांपासून जिन्याखालच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला टाचणीबाई म्हणत आणि ती ओ देत असे.

कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती. तिथे काय काम चालतं हे सांगितलं की पाहुणे आधी हसत आणि मग हळूच ‘पण पगार देतात ना?’ असं विचारत. तिथे मेलेल्या इंग्रजी शब्दांचा कोश होत असे. तीनचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेले आणि मग लोकांनी टाकून दिलेले शब्द. तेही सरळ क्रमाने लावलेले नाहीत. ज्यांच्या पोटात तीच अक्षरं त्याच क्रमाने येतात ते सगळे एका पानावर. ए, एम, बी, एल ही चार अक्षरं लागोपाठ येणाऱ्या शब्दांचं एक पान होतं. त्यावर वॅम्बल होता, म्हणजे पोटात ढवळणं. फॅम्बल होता, म्हणजे चोरांच्या बोलीत हात. स्कॅम्बल म्हणजे हावरटासारखं ओरबाडणं. आणि हॅम्बल म्हणजे कुत्र्याच्या पंजाखालची गादी कापून टाकणं, म्हणजे राजाच्या रानातल्या हरणांमागे ते धावू नये. शब्दकोडी सोडवणारी माणसं हा कोश उशाशी घेऊन झोपत. या जमातीशी ज्याचा संबंध आला नाही तो सुखी. एक शब्द चुकला तर ती चारपानी पत्र लिहितात आणि त्यातली तीन पानं नुसता अपमान असतो.

पानाला घरं चाळीस. आठ ओळी, पाच रकाने. मोठ्या साहेबांचा हट्ट असा की एकही घर रिकामं राहता कामा नये. राहिलं तर ते पानच रद्द. बावीस वर्षांपूर्वी याच पानावर एकोणचाळीस शब्द भरले आणि चाळिसावा काही केल्या सापडेना. छापखान्याचा माणूस दारात येऊन उभा. मोठे साहेब आतल्या खोलीत घसा खाकरतायत. टाचणी तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, ते पान तिचं पहिलंच होतं आणि त्यात तिचे चार महिने गेले होते. तिने चाळिसावा शब्द मनानेच तयार केला. थ्वॅम्बल: घरात आपल्याखेरीज आणखी कोणी आहे असं वाटून जागच्या जागी थबकणं.

शब्द झकास होता, हे तिला अजूनही मान्य होतं. पण नुसता शब्द चालत नाही, त्याला चिठ्ठी लागते. कोणत्या पुस्तकात, कितव्या पानावर, कोणत्या वाक्यात, आणि वाचला कुणी, हे लिहिलेली चिठ्ठी खणात पडली की मगच शब्द कोशात जातो. तिने जुन्या प्रवचनांच्या एका जाड पुस्तकाचं नाव घातलं, पान दोनशे चौदा घातलं, एक वाक्य रचलं. आणि वाचणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव न घालता पोस्टमास्तरांचं घातलं, त्यांच्यासारखं डावीकडे कललेलं अक्षर काढून.

पोस्टमास्तर कचेरीतले नव्हेत. दूरच्या एका लहान गावातलं पोस्ट त्यांनी सांभाळलं, निवृत्त झाले, बायको गेली, आणि एकट्या घरात जुनी पुस्तकं वाचून ते कोशासाठी चिठ्ठ्या पाठवू लागले. फुकट. दर पंधरवड्याला सुतळीने बांधलेलं पुठ्ठ्याचं एक खोकं यायचं. आता ते अठ्ठ्याऐंशीचे होते आणि चिठ्ठ्या झाल्या होत्या अकरा हजार. त्यांची चिठ्ठी कुणी पुस्तकाशी ताडून पाहत नसे, कारण पहिल्या हजारात एकही चूक निघाली नव्हती. नव्या आवृत्तीच्या पहिल्या पानावर त्यांचं नाव छापायचं ठरलं होतं, त्यांचं एकट्याचं.

आणि कचेरीत पेटीचा नियम होता. फळांच्या पेटीत एक नासलं की सगळी पेटी हातची जाते. तसं एका माणसाची एक चिठ्ठी बनावट निघाली की त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या बाद. मग तो कुणी का असेना. टाचणीला हा नियम तोंडपाठ होता, कारण नव्या लोकांना तो समजावून सांगायचं काम तिचंच होतं.

दुपारी ती तपासनीस बाईंच्या टेबलापाशी गेली. जावं लागलं, न जाणंही दिसलं असतं. तपासनीस बाई नव्या आवृत्तीसाठी बाहेरून आणलेल्या, वय तिशीच्या आसपास, आवाज मऊ. ओरडणाऱ्या माणसाला तोंड देता येतं. ही बाई कधी ओरडत नसे, म्हणून टाचणीला तिची जास्त भीती वाटायची.

“बसा ना, टाचणीबाई. मीच तुम्हाला बोलावणार होते. चौऱ्याहत्तर नंबर ना?”

“सहज खण उघडला, तर गुलाबी कागद दिसला.”

“ते प्रवचनांचं पुस्तक मी मागवलं. दोनशे चौदाव्या पानावर तो शब्द नाही. मागची पुढची पानं पाहिली. मग म्हटलं, पूर्णच वाचून काढू.”

“पूर्ण?”

“फार कंटाळवाणं आहे,” तपासनीस बाई म्हणाल्या. “शब्द कुठेच नाही.”

काहीतरी बोलायला हवं म्हणून टाचणी बोलली, “म्हातारं माणूस. चुकलं असेल त्यांचं.”

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा तिचं तिलाच ऐकू आलं. इतकं सहज, जसं कुणी म्हणतं, आज उकडतंय.

“तेव्हा ते सहासष्टचे होते,” तपासनीस बाई म्हणाल्या. “आणि चुकलं तर एखादं अक्षर चुकतं हो. शब्द, अर्थ, अख्खं वाक्य असं चुकून होत नाही. मलाही बरं वाटत नाहीये. मी त्यांना पत्र घातलंय, चिठ्ठीची नक्कलही पाठवलीय. गुरुवारी येतायत.”

संध्याकाळी घरी टाचणीने पीठ मळायला घेतलं आणि त्यात पाणी जास्त झालं, मग पीठ घातलं, मग पुन्हा पाणी. नवरा दारात उभा राहून बघत होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. माणूस शांत, पण त्याच्यापासून काही लपत नसे. बिघडलेल्या यंत्राचा आवाज ऐकून दोष सांगायची सवय त्याला घरातही होती.

“किती लोक जेवायला आहेत?” त्याने विचारलं.

तिने सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा सांगितलं, आणि पिठाच्या परातीकडे बघत सांगितलं. तो ऐकून स्टुलावर बसला.

“एका शब्दासाठी?”

“तुम्हाला नाही कळायचं. घर रिकामं होतं.”

“मला कळतं. लिफ्टला आठ बोल्ट लागतात आणि हातात सात असतात, असं माझं दहा वेळा झालंय. आठवा मी मातीचा करून रंग देऊन बसवत नाही. लिफ्ट बंद ठेवतो आणि लोकांच्या शिव्या खातो.”

“शब्दाने कुणी खाली पडत नाही.”

“मग या पिठात तू तिसऱ्यांदा पाणी का घालतेयस?”

तिने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. म्हणाली, “मी सांगितलं तर माझी नोकरी जाईल. आणि नियम मलाही लागेल. माझ्या स्वतःच्या एकोणीस हजार चिठ्ठ्या आहेत, त्या खऱ्या आहेत हो सगळ्या. त्या एका दिवसात जातील. माझ्याजवळ दुसरं काय आहे दाखवायला?”

“त्यांच्याजवळ काय आहे?” नवऱ्याने विचारलं. मग त्याने परात स्वतःकडे ओढून घेतली, कारण त्या पिठाचं काही खरं नव्हतं.

मंगळवार नुसता गेला. बुधवारी मात्र तिने ठरवलंच. सकाळी मोठ्या साहेबांच्या खोलीत शिरली, दार लोटून घेतलं, तोंड उघडलं. मोठ्या साहेबांसमोर पहिल्या पानाचा छापील नमुना पडला होता, मध्यभागी पोस्टमास्तरांचं नाव. मोठे साहेब त्याच्याकडे बघत म्हणाले, “बरं झालं आलात. हे पान मी थांबवलंय. तुम्ही एक करा. मास्तरांच्या चिठ्ठ्या काढल्या तर किती पानांवर घरं रिकामी पडतात ते मला संध्याकाळपर्यंत मोजून द्या. तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.”

“साहेब, मला एक…”

“मला वाटलं होतं, या धंद्यात एक माणूस तरी स्वच्छ आहे,” मोठे साहेब म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे चोळू लागले. “जा. मोजा.”

आणि ती गेली. याला काय म्हणावं? सांगायला गेलेली बाई काम घेऊन बाहेर आली. दिवसभर तिने लाल पेन्सिलीने एकेका घरावर फुली मारली. पोस्टमास्तरांनी शोधलेले शब्द सगळीकडे होते. दर पानावर तीन, चार, कुठे अकरा. थंडीने जनावरं दाटीवाटीने उभी राहतात त्याला एक शब्द, न मागता सल्ला देणाऱ्याला एक शब्द. संध्याकाळपर्यंत तीनशे बारा पानं मोडली. भीती होतीच, पण आता तिला लाजही वाटत होती आणि त्या दोन्हींत भीतीच जिंकत होती, याची लाज वेगळी.

गुरुवारी अकरा वाजता पोस्टमास्तर आले. बावीस वर्षांत टाचणीने त्यांना पाहिलं नव्हतं, फक्त त्यांचं अक्षर पाहिलं होतं. तिला वाटलं होतं, माणूस उंच असेल. ते ठेंगणे होते, कोटाला कडक इस्त्री, बूट लख्ख, आणि काखेत एक कापडी पिशवी घट्ट धरलेली. मोठ्या साहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली. तपासनीस बाईंनी चिठ्ठी समोर ठेवली. टाचणीला नोंद करायला बसवलं होतं. ती वही घेऊन भिंतीशी बसली.

पोस्टमास्तरांनी पिशवीतून भिंग काढलं आणि चिठ्ठी बराच वेळ पाहिली.

“अक्षर माझंच आहे,” ते म्हणाले.

त्यांनी चिठ्ठी उलटून मागची बाजूही पाहिली.

“पण हे पुस्तक माझ्या घरी नाही. कधी नव्हतंच. आमच्या वाचनालयातही नव्हतं, मी जाऊन विचारलं. मग मी ते वाचलं कुठे? आणि वाचलं नाही तर लिहिलं कसं?” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “तुमचं पत्र आल्यापासून मी याचाच विचार करतोय. उत्तर एकच निघतं. माझं डोकं गेलंय. आज नाही, बावीस वर्षांपूर्वीच गेलंय, आणि मला कळलं नाही.”

“मास्तर, असं काही नसेल,” मोठे साहेब म्हणाले.

“तुम्ही भले आहात म्हणून म्हणता. गॅस बंद केला का ते मी आता चार चार वेळा उठून बघतो. बंदच असतो. तरी पुन्हा उठतो. परवा रस्त्यात एकजण भेटला, त्याने नमस्कार केला, मला वाटलं याला मी ओळखत होतो की नव्हतो? हे असं एकट्या घरात बरं नाही. मुलाला बोलावून सगळं सांगितलं. त्यालाही तुमचं पत्र दाखवलं. त्याने एका ठिकाणी सोय केलीय माझी, अशी माणसं सांभाळतात तिथे. एक तारखेला जायचंय. चाव्या मी त्याला देऊन टाकल्या.”

हे सगळं ते पोस्टाच्या खिडकीवर बसून पत्ता सांगावा तसं नीट सांगत होते. फक्त त्यांचा डावा हात टेबलाची कड धरून होता आणि ती कड ते सोडत नव्हते. टाचणीने तो हात पाहिला. तीन दिवस ती स्वतःच्या भीतीत इतकी बुडाली होती की दुसरं कुणी भीत असेल हे तिच्या मनाला शिवलं नव्हतं. तिला वाटलं होतं, फार तर ते रागावतील.

तपासनीस बाईंनी कबुलीचा कागद पुढे सरकवला. त्यांचेही डोळे भरले होते. “इथे सही करायची, मास्तर. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकायला हरकत नाही, एवढंच आहे.”

“काढा. तुमचा कोश खराब व्हायला नको माझ्यामुळे.” पोस्टमास्तरांनी पेनाचं टोपण काढलं.

“मास्तर, सही करू नका,” टाचणी म्हणाली. “ती चिठ्ठी मी लिहिलीय.”

आवाज तिचा तिलाच परका वाटला. मोठ्या साहेबांनी मान वळवली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. “शब्द मी बनवला. वाक्य मी रचलं. अक्षर तुमच्यासारखं काढलं. पान भरायचं होतं.”

पोस्टमास्तरांनी पेन खाली ठेवलं. “पुन्हा सांगा.”

तिने पुन्हा सांगितलं.

“म्हणजे ही मी लिहिली नाही?”

“नाही.”

“मी विसरलो नाही?”

“नाही मास्तर. विसरायला तुम्हाला ती माहीतच नव्हती.”

त्यांनी टेबलाची कड सोडली. हाताची बोटं उघडझाप करून पाहिली. टाचणीला वाटलं आता ते काहीतरी बरं बोलतील, म्हातारी माणसं बोलतात तसं, झालं गेलं विसरून जा वगैरे. माणसाची आशा किती निर्लज्ज असते बघा.

“माझंच नाव का घातलंत?” त्यांनी विचारलं.

“तुमची चिठ्ठी कुणी तपासत नव्हतं.”

“बरोबर,” पोस्टमास्तर म्हणाले. “चोर असतो तर मीही तेच केलं असतं.” त्यांनी कबुलीचा कागद उलटा करून तिच्यापुढे ठेवला आणि आपलं पेन त्यावर ठेवलं. “लिहून द्या. तुमच्या अक्षरात.”

तिने लिहिलं. शब्द, पुस्तक, पान, वर्ष, आणि हे सगळं खोटं असून आपण केलं, हेही. पोस्टमास्तरांनी भिंग लावून वाचलं आणि म्हणाले, “तारीख राहिली.” तिने तारीख घातली. मोठे साहेब उठून खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले होते. तपासनीस बाईंनी वहीत टाचणीच्या खणांचे नंबर उतरवायला घेतले. पेटीचा नियम होता, आणि तो तिनेच त्यांना पहिल्या दिवशी समजावून सांगितला होता. एकोणीस हजार. टाचणीला ते आकडे लिहिल्याचा आवाज ऐकू येत होता आणि आता त्याचं काहीच वाटत नव्हतं, म्हणजे वाटायची पाळी अजून आली नव्हती.

पोस्टमास्तरांनी टेबलावरचा फोन मागून घेतला आणि पाठ असलेला नंबर फिरवला.

“मी बोलतोय. ऐक, एक तारखेचं रद्द कर… अरे, रद्द कर म्हणतो. ती चिठ्ठी माझी नव्हती. इथल्या एका बाईंनी लिहिली होती… नाही, मला कुणी असं पटवून दिलेलं नाही. त्यांनी लिहून दिलंय, वाचून दाखवू?… हो, मी कचेरीतच आहे. कुठे आहे ते मला माहीत आहे.”

त्यांनी कागद वाचायला सुरुवात केली. दोन ओळींनंतर थांबले, कारण पलीकडून मुलगा बोलत होता. हळू बोलत होता, लहान पोराची समजूत काढावी तसा. शब्द कळत नव्हते पण सूर सगळ्या खोलीला ऐकू येत होता. पोस्टमास्तर ऐकत राहिले. त्यांचा डावा हात पुन्हा टेबलाच्या कडेवर गेला.

मग त्यांनी फोन टाचणीपुढे धरला.

“तुम्ही सांगा त्याला,” ते म्हणाले. “माझं त्याला खरं वाटत नाही आता.”

तिने फोन कानाला लावला आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. काय केलं ते सांगितलं.

“बाई, तुम्ही चांगल्या मनाच्या आहात,” मुलगा म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. “बाबांना बरं वाटावं म्हणून बोलताय ना हे?”

पोस्टमास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते.

“नाही,” टाचणी म्हणाली. “फोन ठेवू नका. मी पहिल्यापासून सांगते.”